रिमोटवर सेट होणारे मीटर: घाट आणि खाऱ्या हवेतला वापर

गाडी जुनी डिझेल जीप, नेहमीचा रस्ता रत्नागिरी–साखरपा–आंबा घाट. ५२ मिमीचे तीन मीटर बसवले आहेत: कूलंट टेंपरेचर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान), ऑइल प्रेशर आणि व्होल्ट. एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा काढून झाला. मीटर चांगले आहेत, पण कंपनी सेटिंगवर तसेच ठेवले तर डोक्याला ताप.

टेंपरेचरची वॉर्निंग ९५ अंशांवर होती. भरली गाडी साखरप्याहून वर चढताना पाणी एरवीही तेवढं तापतं. मग बझर घाटभर कोकलतो आणि ड्रायव्हर तो कायमचा बंद करून टाकतो. रेडिएटरची ०.९ बारची कॅप धड असेल तर पाणी ११५ अंशांपर्यंतही उकळत नाही, त्यामुळे वॉर्निंग १०४ ला ठेवली. ऑइल प्रेशरची २ बारला होती. इंजिन गरम असताना स्लोला (गाडी उभी, रेस न देता) प्रेशर १ बारच्या आसपास उतरलं तरी बहुतेक जुन्या डिझेलला ते नॉर्मलच. आधी थोडे दिवस नुसता आकडा बघा, मग त्याच्या जरा खाली वॉर्निंग लावा.

खरी गोम फिटिंगमध्ये आहे. पाण्याचा सेन्सर वरच्या होज पाइपात अ‍ॅडॉप्टर टाकून बसतो. पाइप रबरी, त्यामुळे अ‍ॅडॉप्टरला अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) मिळतच नाही. एका वायरचा सेन्सर असेल तर इंजिन तापलं तरी काटा थंडच दाखवतो. अ‍ॅडॉप्टरपासून इंजिन ब्लॉकपर्यंत वेगळी वायर ओढा. एका वायरच्या सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे देऊ नका, तिथेही अर्थ तुटतो. आणि एक ध्यानात ठेवा: पाणी पूर्ण गळून गेलं तर सेन्सर उघडा पडतो आणि आकडा उलट खाली येतो. चढावर काटा अचानक पडला तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या.

किनाऱ्यावरची हवा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची रिंग) खाते. पावसाळ्यात व्होल्ट मीटर १३.६ दाखवू लागला, तेव्हा बॅटरीवर मल्टिमीटर १४.२ सांगत होता. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) ठीक होता. डॅशबोर्डमागच्या अर्थच्या थिंबलखाली हिरवा थर धरला होता. पॉलिश पेपरने घासून, बोल्ट आवळून, वरून व्हॅसलीन फासलं की आकडे जुळतात. वायरमनकडे नवा अल्टरनेटर घालण्याआधी हे बघाच.

रिमोट रेडिओवर चालतो, मीटरवर नेम धरावा लागत नाही. पण सेटिंग करताना तिन्ही मीटर एकदम बदलतात, तेव्हा बाकी दोघांचे कनेक्टर काढून ठेवा. मेमरीची वायर थेट बॅटरीवर, फ्यूजमधून द्या. चावीच्या लाइनवर जोडली तर दरवेळी सेटिंग पुसलं जातं. रात्रीचा उजेड पार्किंग लाइटच्या वायरवरून कमी होतो, म्हणून रिमोटची रोज गरज पडत नाही. सबब त्यातला सीआर२०३२ सेल काढून डबीत ठेवलेला बरा. दमट हवेत स्प्रिंगला गंज चढला की नवा सेल टाकूनही बटणं चालत नाहीत.