जुनी पद्मिनी घेताना: कॉम्प्रेशन टेस्ट की लीक-डाउन?
प्रीमियर पद्मिनीचं इंजिन ‘टकाटक’ असल्याचं विकणारा सांगणारच. मोजून बघा.

कॉम्प्रेशन टेस्ट म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं; फक्त दाब दाखवणारा गेज लागतो, दारातच उरकते. इंजिन गरम करा, चारही स्पार्क प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, एकेका प्लगच्या भोकात गेज लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून काटा स्थिरावेपर्यंत स्टार्टर मारा. सिलिंडरांमध्ये 15 टक्क्यांहून जास्त फरक वाईट. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाका: आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह. बॅटरी उतरलेली असेल तर सगळेच आकडे कमी येतात.

लीक-डाउनमध्ये सिलिंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा भरून गळती बघतात; त्याला कॉम्प्रेसर लागतो, म्हणजे गॅरेज आणि जास्त खर्च. पण हवा कुठून सुटते ते थेट कळतं: कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट.

गाड्या चाळताना पहिली पुरे. सौदा ठरत आला की दुसरी करूनच पैसे द्या.