१६ मेगाहर्ट्झची चिप आणि कापसाला लागलेला काळा रंग

माझ्याकडचा अमिगा ५०० मूळचा दादाचा. १९८७ साली बाजारात आलेला हा घरगुती संगणक, आत मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, वेग ७.०९ मेगाहर्ट्झ. तोच १४ वर चालवून देतो असं सांगून एका माणसाने मला फसवलं. सगळं बारकाव्यांसकट लिहिते आहे, कारण जुनी मशीन्स जपणाऱ्या बऱ्याच जणांना कधी ना कधी हा मोह होतोच.

युक्ती मुळात खरी आहे, म्हणून तर विश्वास बसतो. बोर्डावर २८.३७५१६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, सगळ्या मशीनला ठेका देणारा. त्याला चारने भागून ७.०९ मिळतात, दोनने भागलं की १४.१९. पण मूळ प्रोसेसर बहुतेक वेळा ८ मेगाहर्ट्झचा असतो. तो इतका ताणायचा नसतो, त्यासाठी १६ ची चिप लागते. फसवणूक होते ती या चिपमध्ये.

त्याने माझ्यासमोर जुनी चिप सॉकेटमधून अलगद उचकटली. चौसष्ट पायांची, आठेक सेंटिमीटर लांब. तिच्या जागी एक छोटं बोर्ड आणि त्यावर नवी चिप बसवली, मागे स्विच जोडला. चिपवर ठळक अक्षरांत ‘एचसी’ आणि शेवटी १६. एचसी म्हणजे सीमॉस, कमी वीज खाणारी. मग त्याने स्वतःची फ्लॉपी घातली. चाचणीत आकडा जवळजवळ दुप्पट आला. स्विच खाली केला की अर्धा, वर केला की परत दुप्पट. डोळ्यांदेखत घडलेलं कोण नाकारेल? मी पैसे दिले. जुनी चिप मागितली तर म्हणाला, “ताई, ती आता तुमच्या काय कामाची? राहू द्या माझ्याकडे.” मी राहू दिली. सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं.

घरी स्विच वर करून बसले. वीसेक मिनिटांत पडदा काळा झाला आणि वर लाल चौकट लुकलुकायला लागली, ‘गुरू मेडिटेशन’, म्हणजे मशीन कोलमडल्याची सूचना. अमिगा वापरणाऱ्यांना ती चौकट पाठ असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, या वेळी दहा मिनिटांत. फोन केला तर उत्तर तयार होतं, “तुमचा पॉवर सप्लाय कमजोर झालाय.” तोही त्याच्याकडूनच घेतला. फरक शून्य. मग म्हणाला, चिपवर हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, चिकटवून देतो. तिथे मला खटकलं. सीमॉस चिपला हीटसिंक कशाला? ती पाव वॅटच्या आसपासच खाते. जुन्या प्रकारची एनमॉस ६८००० दीड वॅटपर्यंत जाते. झाकण उघडून चिपवर बोट ठेवलं, तर दोन सेकंद धरवेना. आणि हीटसिंक एकदा चिकटला असता, तर वरची छपाई पुन्हा कधी दिसलीच नसती.

मशीन बंद केलं, चिप काढली, कापसाच्या बोळ्यावर थोडं अ‍ॅसिटोन घेतलं आणि एका कोपऱ्यावर घासलं. बोळा काळा झाला. शाईची अक्षरं थोडी पुसली जाणं वेगळं, अस्सल जुन्या चिपवरही ते होऊ शकतं. इथे वरचा सगळा काळा थरच उतरत होता आणि खाली पॉलिश पेपरचे समांतर ओरखडे होते. जुनं नाव घासून काढलेलं, वर रंग मारलेला, त्यावर नवं नाव छापलेलं. नीट पाहिलं असतं तर आधीही कळलं असतं. पहिल्या पायाजवळच्या गोल खळगीच्या तळाशी रंग साचला होता, आणि चिपचा वरचा पृष्ठभाग कडांपेक्षा वेगळा, खरखरीत दिसत होता.

पण तरी एक प्रश्न उरला होता. चाचणीत दुप्पट आकडा कसा आला? तो आकडा खोटा नव्हता, चाचणीच तशी निवडलेली होती. ६८००० ला गुणाकाराच्या एका सूचनेला ७० पर्यंत क्लॉक, म्हणजे ठोके, लागतात, आणि त्यातला जवळपास सगळा वेळ तो मेमरीला हात न लावता आतल्या आत काम करतो. त्यामुळे निव्वळ गुणाकार करणारा प्रोग्राम १४ वर खरोखर दुपटीच्या जवळ जातो. रोजचं काम तसं नसतं. साध्या सूचनेला चार क्लॉक पुरतात, पण प्रत्येक वेळी मेमरीपर्यंत जावं लागतं, आणि चिप मेमरीची, म्हणजे चित्र-आवाजाच्या चिप्ससोबत वाटून घ्यायच्या मेमरीची, वाट अजून जुन्याच वेगाने चालते. मशीनच्या पोटाखालच्या झाकणात बसणारी ५१२ केबी मेमरीही त्याच वाटेवर असते. म्हणजे प्रोसेसर कितीही घाई करो, मेमरीपाशी थांबतोच. मी बेसिकमधला एक साधा लूप दोन्ही वेगांवर चालवून स्टॉपवॉच लावलं. फरक होता, पण दुपटीच्या जवळपासही नाही. खरा फरक पडतो तो प्रोसेसरला स्वतःची फास्ट रॅम, म्हणजे त्याच्या एकट्याची मेमरी, मिळाली की. ही गोष्ट या माणसाला ठाऊक नसणं शक्य नाही. नाहीतर त्याने नेमकी तीच चाचणी फ्लॉपीवर का ठेवली असती?

कोणी असं काम करून देत असेल तर त्याची फ्लॉपी बाजूला ठेवा. तुमचा रोजचा प्रोग्राम, तुमचं घड्याळ आणि सलग दोन तास, एवढं मागा. चिप बसवण्याआधी हातात घेऊन उजेडात तिरकी धरून बघा. आणि तुमची जुनी चिप तिथून निघतानाच सोबत घ्या.

अ‍ॅसिटोनचं सांगितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. त्याआधी शेवटचं बोलणं झालं तेव्हा मी फक्त दादाची चिप परत मागितली होती. ती विकली, म्हणाला. आता मशीनमध्ये ८ मेगाहर्ट्झची दुसरी एक चिप आहे, ७.०९ वर चालते, आणि लाल चौकट त्यानंतर दिसलेली नाही.