नाइट फिल्टर: आठ महिन्यांनंतर

रात्री नदीकाठून शहर टिपलं की आकाश कायम मातकट नारिंगी येतं, या एका वैतागापोटी आठ महिन्यांपूर्वी लेन्सपुढे बसवायचा ७७ मिमीचा नाइट फिल्टर घेतला. याच्या काचेत निओडिमियम असतं. ते ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा उजेड शोषतं, आणि रस्त्यावरच्या नारिंगी सोडियमच्या दिव्यांचा भर नेमका तिथेच. काच फुंकणारे कारागीर अशाच काचेचे गॉगल लावतात, भट्टीपुढचा पिवळा झगझगाट मारायला.

धुकट रात्री फरक लगेच कळतो. आकाश करडं-निळं होतं, पलीकडच्या इमारतींच्या कडा सुटून दिसतात. फिल्टर थोडा उजेड खातो, त्यामुळे १५ सेकंदांचं एक्स्पोजर २५ वर जातं, पण ट्रायपॉड असला की त्याचं काय! पाणी उलट आणखी मऊ येतं. ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून जुळवलेल्या रंगांवर मात्र विसंबू नका, चित्र जांभळट होतं. रॉमध्येच काढा, म्हणजे रंग नंतर संगणकावर नीट करता येतात.

खरी कटकट आहे भुतांची. पुलावरच्या प्रत्येक दिव्याची फिकट हिरवी प्रतिमा फ्रेमच्या मध्याच्या बरोब्बर पलीकडे उलटी उमटते, आणि ती पडते काळ्या पाण्यात, म्हणजे लपायला जागाच नाही. मी आता फिल्टर काढून दुसरी फ्रेम घेतो आणि खालचा भाग तिच्यातला लावतो.

तसं करता करताच लक्षात आलं की फिल्टरशिवायचं पाणीच मला जास्त आवडतंय. लाटांवर लांबलचक ओढले गेलेले ते सोनेरी खांब फिल्टरने पार फिके पडतात. चार महिने मी चित्रातला जीवच गाळत होतो म्हणा ना! आता आकाशासाठी फिल्टर, पाण्यासाठी उघडी लेन्स.

मधल्या काळात काठावरचे निम्मे दिवे एलईडी झाले. त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, त्यामुळे तिथे हा फिल्टर जेमतेम गुलाबी झाक देतो. दोष त्याचा नाही, पैसे मात्र माझे गेले.

घ्यायचाच असेल तर आधी एक जुनी सीडी घेऊन काठावर जा आणि दिव्याचं प्रतिबिंब तिच्यात बघा. रंगांचा पट्टा तुटक दिसला तर दिवा सोडियमचा, सलग दिसला तर एलईडीचा. सलगच दिसत असेल तर तसेच घरी या.