नागीण उतरवून देतो म्हणणाऱ्याने केलेली फसवणूक

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या मावशीला नागीण झाली, तेव्हा ती 'उतरवून देणारा' म्हणून पंचक्रोशीत नाव असलेल्या एका माणसाने तिला जसे फसवले, तसे आणखी कोणाला फसवले जाऊ नये म्हणून हे लिहीत आहे. डाव्या बरगडीखाली आग होऊन फोड उठताच शेजाऱ्यांनी तिला त्याच्याकडे नेले. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळून कमरेला वेढा पडला की माणूस दगावतो, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती आत दबते, अशी भीती त्याने पहिल्याच भेटीत घातली. मग मंत्र पुटपुटून फोडांवर काव फासायची, दर खेपेला पैसे घ्यायचे, आणि वेढा वाढतो आहे असे सांगून उताऱ्यासाठी आणखी मोठी रक्कम मागायची, असा क्रम सुरू झाला.

वास्तविक, पूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो, तीच नागीण. ती वाट शरीराच्या एकाच बाजूची असल्यामुळे फोडांचा पट्टा सहसा मध्यरेषेपाशी थांबतो. वेढ्याने मरण येते ही धमकी निव्वळ खोटी आहे. बहुतेकांचे फोड 2 ते 4 आठवड्यांत आपोआप सुकतात, आणि त्या माणसाचा सारा धंदा यावरच उभा आहे, कारण खपल्या धरल्या की श्रेय मंत्राला मिळते.

मला पैशांपेक्षा गेलेल्या वेळेचा संताप अधिक आहे. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी औषधे पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडतात, आणि नेमका तोच काळ त्याने हिरावून घेतला. कावेखाली फोड चिघळले. ते भरून आले तरी वेदना गेली नाही. पदर नुसता घासला तरी मावशी कळवळते, आणि त्यासाठी डॉक्टरांनी तिला आता प्रीगॅबालिन दिले आहे.

त्याच्या ओसरीवर पापणीवर फोड आलेले एक गृहस्थही बसले होते आणि त्यांनाही तीच काव लावली जात होती, हे मावशीने सांगितले तेव्हा मी हादरलो. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली तर दृष्टी जाण्याचा धोका असतो; अशा रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.