झटपट पीपीएलसाठी (खासगी पायलट लायसन्ससाठी) परदेशात पैसे भरताय? आधी हे वाचा
ज्यांना परदेशात जाऊन तीन आठवड्यांत पायलट व्हायचंय त्यांनी हे वाचा, मग हवं तर जा. मी फ्लोरिडातल्या एका स्कूलमध्ये गेलो होतो. जाहिरातीत लायसन्सची गॅरंटी, विमान, इन्स्ट्रक्टर, राहणं सगळं पॅकेजमध्ये, अट एकच, पैसे पूर्ण आणि आधी.

पहिली मेख तासांत आहे. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमात उड्डाणाचे किमान ४० तास लागतात, त्यात किमान २० इन्स्ट्रक्टरबरोबर आणि १० सोलो, म्हणजे एकट्याने, आणि पॅकेज बरोब्बर ४० चं. पण ४० ला तयार होणारे फार थोडे, बहुतेकांचे ६० च्या पुढे जातात, हे स्कूलला पक्कं ठाऊक असतं, आणि पुढच्या प्रत्येक तासाचा रेट वेगळा. शिवाय तास मोजतो हॉब्स मीटर, तो इंजिन सुरू झालं की पळतो, म्हणजे रनवेच्या तोंडाशी चार विमानांमागे रांगेत उभे असलात तरी सिग्नलला अडकलेल्या टॅक्सीसारखं बिल चालूच. त्यात उन्हाळ्यात तिकडे दुपारी गडगडाट, विमान मेंटेनन्सला, आणि इन्स्ट्रक्टर तर स्वतःच एअरलाइनसाठी तास जमवत असतात, नोकरी लागली की गेले. नवा येतो तो स्टॉल (पंखांची उचल सुटणं) आणि स्टीप टर्न (तीव्र वळण) असे सराव परत पहिल्यापासून घेतो, खर्च तुमचा. परतीचं तिकीट डोक्यावर असताना भांडणार कधी? रिफंड मागितला तर करारातलं बारीक अक्षरातलं कलम दाखवलं, विषय संपला.

लायसन्स मिळालं, नाही म्हणत नाही, परीक्षकही खोटा नव्हता. पण उडवलं सगळं सकाळच्या शांत हवेत, त्याच रनवेवरून. सोलो क्रॉस कंट्री, म्हणजे एकट्याने दुसऱ्या विमानतळांवर जाऊन येणं, १५० नॉटिकल मैलांची लागते, त्याचा स्कूलचा एक ठरलेला रूट, सगळे तोच करतात, टॅबलेटवर रेघ आखलेली असते, खिडकीबाहेर बघून रस्ता शोधायची वेळच येत नाही. सेसना १७२ या छोट्या ट्रेनिंग विमानाच्या पुस्तकात १५ नॉट क्रॉसविंडपर्यंत (आडव्या वाऱ्यात) उतरवून दाखवल्याचं लिहिलंय, त्याच्या निम्म्या वाऱ्यातही मला कधी एकट्याने उतरवू दिलं नव्हतं. परत आल्यावर फ्लाइंग क्लबच्या चेक फ्लाइटमध्ये आडवा वारा होता आणि फ्लेअरच्या, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याच्या, आधीच शेजारच्या इन्स्ट्रक्टरने कंट्रोल घेतले. लायसन्सनुसार मात्र मी पॅसेंजर न्यायला मोकळा होतो!

रोज उडण्याचा फायदा होतो, हात लवकर बसतो, हे खरंय. पण मग मेडिकल आणि थिअरी घरूनच उरकून जा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, रेटमध्ये इंधन धरलंय का ते लिहून घ्या, आणि मागच्या बॅचला खरे किती तास लागले ते विचारा, उत्तर टाळलं तर समजून जा.

आणि लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) सह्या तिथल्या तिथे घ्या. आमच्यातल्या एकाचा इन्स्ट्रक्टर सोलोची सही न करताच सोडून गेला, नवा म्हणाला मी पाहिलेलं नाही, परत उडून दाखव, आणि तेही तास त्या विद्यार्थ्याच्याच खात्यावर लागले.