'ब्राउन गर्ल इन द रिंग': काही महिने हाताशी ठेवल्यावर

नालो हॉपकिन्सन यांची ही पहिली कादंबरी, १९९८ सालची. पैसा आणि पोलीस दोन्ही निघून गेल्यावर टोरोंटो शहराचा मधला भाग ओस पडलाय. तिथे टी-जान ही तरुण आई, तिचं तान्हं बाळ आणि मूळची कॅरिबियन आजी ग्रो-जान, जिला पुस्तकात मामी म्हणतात, कशीबशी तग धरून आहेत. शहरातल्या उंच सीएन टॉवरमध्ये बसून सगळ्यांवर सत्ता गाजवणाऱ्या रूडीला माणसाचं हृदय मिळवायचंय, तेही प्रत्यारोपणासाठी.

पुन्हा वाचताना सगळ्यात जास्त आवडते ती यातली जादूची शिस्त. मामी पूर्वाश्रमीची नर्स. ती झाडपाला देते आणि मिळाली तर दुकानातली औषधंही वापरते. देवतांची सेवा हा तिचा रोजचा नेम आहे: प्रत्येकीचा नैवेद्य वेगळा, ढोलाचा ठेका वेगळा, अंगात आल्यावरची चालही वेगळी. रूडी मात्र तेच ज्ञान उलटं वापरतो. त्याने एक आत्मा, म्हणजे डपी, भोपळ्याच्या भांड्यात कोंडलाय. त्या भांड्याला रक्त पाजत राहावं लागतं. विद्या एकच, पण एक सेवा करते आणि दुसरा राबवून घेतो. सगळी कादंबरी या फरकावर उभी आहे.

नवा वाचक बहुतेक वेळा नावांत अडकतो. लेग्बा आणि एशू ही दोन वेगळी पात्रं समजू नका. तो एकच देव, चौरस्त्याचा, दाराचा राखणदार. त्याने वाट मोकळी केल्याशिवाय बाकीच्या देवता येत नाहीत, म्हणून विधीत पहिला मान त्याचा. गुलाम म्हणून आणलेले योरुबा, फॉन आणि इतर आफ्रिकी लोक वेगवेगळ्या कॅरिबियन बेटांवर विखुरले. म्हणून हैतीत व्होडू, क्युबात सांतेरिया, त्रिनिदादमध्ये शांगो अशी या उपासनेला निरनिराळी नावं पडली. मामीच्या तोंडी ती एकत्र येतात. सुरुवातीलाच पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर नावांची यादी करून ठेवा.

भुतंही नेमकी आहेत. लोककथेतली सुकुयाँ रात्री कातडी उतरवून आगीचा गोळा होते आणि रक्त पिते. वाटेत तांदूळ सांडले तर दाणे मोजल्याशिवाय तिला पुढे जाता येत नाही. उतरवलेल्या कातडीला मीठ लावलं की ती परत अंगात घालता येत नाही. ला जाब्लेसचा एक पाय गाईच्या खुराचा, लांब झग्याखाली लपवलेला. हडळीची उलटी पावलं लगेच आठवतात.

भाषेला घाबरू नका. निवेदन सरळ इंग्रजीत आहे, संवाद क्रिओलमध्ये, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या मिश्र बोलीत. 'शी हँड' म्हणजे तिचा हात. क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय बऱ्याचदा नसतो, काळ संदर्भावरून धरायचा. ई-बुकमधला शब्दकोश इथे फारसा उपयोगी पडत नाही. संवाद मोठ्याने वाचले की अर्थ पटकन लागतो. टी-जान मामीशी एका वळणाने बोलते, प्रियकर टोनीशी दुसऱ्या. तो बदल कानांनाच कळतो.

उणिवाही आहेत. हृदयाची वाट पाहणाऱ्या राजकारणी बाईचा धागा पातळ आहे. टोनी इतका कचखाऊ आहे की टी-जान त्याच्यात का गुंतली, हे पटायला वेळ लागतो. शेवटही घाईत उरकलाय, जरी टॉवरचा तिथला उपयोग अफलातून असला तरी.

जिवंत माणसाची कातडी सोलण्याचा एक प्रसंग सविस्तर येतो. मुखपृष्ठ पाहून शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका.