ब्रेसेसचं वॅक्स: सात-आठ महिने वापरल्यावर

रविवारी सकाळी शेवटच्या दाढेमागची वायर गालात घुसली. क्लिनिकला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, वॅक्स लावा आणि बुधवारी या." वॅक्स म्हणजे टोचणाऱ्या तारेवर दाबून बसवायचं मेण. लावलं. चहाच्या पहिल्याच घोटाला गळून पडलं. रागातच लिहायला बसले आहे, पण आधी वॅक्सची बाजू.

ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला वायर धरणारा छोटा तुकडा, ओठाला घासतं तिथे ते खरंच काम करतं. वायर टाइट केल्यावर दोन-चार दिवस ओठ आतून सोलवटून निघतो, तेव्हा तर हवंच. सुरुवातीला माझी गोळी अर्ध्या तासात निघायची आणि पैसे पाण्यात गेले असंच वाटायचं. मग क्लिनिकमधल्या असिस्टंट ताईंनी करून दाखवलं: ओठ ओढून धरायचा, टिश्यूने ब्रॅकेट अगदी कोरडं करायचं, तुरीच्या दाण्याएवढा तुकडा बोटांत मळून मऊ करायचा आणि दाबून बसवायचा. आता रात्री लावलेली गोळी सकाळी ब्रश करेपर्यंत हलत नाही. डबीवर यातलं एक अक्षर छापलेलं नाही. जेवताना मात्र काढायची, नाहीतर भाकरीच्या घासात मेण येतं. चुकून थोडं गिळलं तरी काही होत नाही.

आता ती डबी! आत पाच कांड्या आणि बिजागरी कागदासारखी. पर्समध्ये झाकण आपोआप उघडतं, कांड्यांना केस, धागे, बडीशेपेचे दाणे चिकटतात. हे तोंडात घालायचं? मे महिन्यात एकदा स्कूटीच्या डिकीत राहिली, तर पाच कांड्यांचा मिळून एक गोळा. मेण आहे, वितळणारच, पण मग खाचा जरा खोल द्यायला काय होतं? शेवटी कांड्या घरातल्या स्टीलच्या कुंकवाच्या डबीत कापून ठेवल्या. पुदिन्याच्या वासाचं वॅक्स तर घेऊच नका. तोंड आलेलं असताना ते मला असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यापेक्षा साधं बरं, आणि जोडीला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

आणि वायरचं. दात सरळ होत जातात तशी वायर मागे सरकते आणि तिचं टोक दाढेच्या मागे बाहेर येतं. तिथे सतत लाळ, बोट धड पोचत नाही, मग मेण टिकणार कसं? वॅक्सने फार तर एक रात्र निघते. ते टोक कटरने कापायलाच लागतं आणि ते मिनिटभराचं काम आहे. बुधवारी मिनिटभरातच झालं! तोवर तीन दिवस मी वरणभातावर.

सध्या सिलिकॉनची पट्टी वापरते आहे. महाग आहे, पण जास्त टिकते आणि दिसत नाही, म्हणून ऑफिसला ती आणि घरी साधं मेण. मेणाला साडेतीन स्टार, अर्धा कापला तो डबीचा. बाकी पहिली डबी फुकट दिली होती, पुढच्या प्रत्येकीचे पैसे गुपचूप बिलात लावले आहेत, तेवढं विचारायचं राहिलंय.